लाल पाहुणा, काळा घरचा

मंगळवार, ४ मार्च

एकशे बारा-अ! सकाळपासून हा ‘अ’ डोक्यात ठाण मांडून बसलाय.

संग्रहालयात एक हजार चारशे सहा वस्तू. प्रत्येकीच्या पाठीवर, पोटावर, बुडाखाली कुठेतरी आकडा. एकोणीस वर्षं मी हे आकडे सांभाळते. आणि एवढ्या सगळ्यांत शेपूट असलेला आकडा एकच — ११२-अ, म्हणजे पहिल्या दालनातलं आपलं लाकडी गाव. मग नुसता ११२ कोण? शोधलं. मागच्या दालनातला तराजू! तराजूचा आणि गावाचा संबंध काय? काडीचाही नाही.

गावाचं लेबल मीच लिहिलेलं. ‘शहराची लाकडी प्रतिकृती. कारागीर अज्ञात. दाता अज्ञात. डाव्या बाजूच्या चौकोनी भोकाचं प्रयोजन अज्ञात.’ एका लेबलात तीन अज्ञात. इतकी वर्षं लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

क्युरेटरला विचारलं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. शर्टाला सुरकुती पडली तर रजा टाकेल असा. मनातल्या मनात मी त्याला टापटीप म्हणते. म्हणाला, "ताई, तात्पुरतं प्रदर्शन नऊ दिवसांवर आलंय आणि तुम्ही ‘अ’ काय शोधताय!"

बरोबर आहे त्याचं. पण राहवत नाही त्याला काय करू?

गुरुवार, ६ मार्च

‘घराघरांतून’ प्रदर्शनाच्या वस्तू यायला लागल्या. लोकांनी घरातली एक जुनी वस्तू तीन महिन्यांसाठी द्यायची, आम्ही मांडायची, मग परत. आज आलं: न्हाव्याची फिरती खुर्ची, एक अक्षर नसलेला टाइपरायटर, बुटांचा लाकडी साचा, एक बायकी छत्री. छत्रीवाले गृहस्थ पंधरा मिनिटं ती हातातून सोडेनात. बायको गेल्या वर्षी गेली म्हणे. "उघडू नका हां, एक काडी वाकडी आहे. तिलाच नीट उघडता यायची." मी फॉर्म भरेपर्यंत छत्री धरूनच बसले. बसू दिलं.

प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच — "परत मिळणार ना नक्की?" मी प्रत्येकाला तेच सांगते. लाल चिठ्ठी बांधतोय ना आम्ही, लाल म्हणजे तुमची.

हा नियम बाबांच्या वेळचा. बाबा इथेच आकडे लिहायचे. तेव्हा चिठ्ठ्या नव्हत्या, बारीक ब्रशने थेट वस्तूवर रंगवायचे. कायमच्या वस्तूंचा आकडा काळा, उसन्या वस्तूंचा लाल, दोन्हींच्या वह्या वेगळ्या आणि आकडेही दोन्हींत एकपासून. मला शिकवताना म्हणायचे, "लाल पाहुणा, काळा घरचा." शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर यायचे. उंच स्टुलावर बसायचे, पाय लोंबकळत. लाकडी गावाशी तर माझी खास ओळख. पुलाजवळचं पिवळ्या दाराचं घर माझं, असं मी ठरवून टाकलं होतं. मोठी झाले की तिथे राहायला जाणार होते!

शुक्रवार, ७ मार्च

तराजूवरचा आकडा बाबांच्या हातचा नाही. गावावरचा ‘११२’ मात्र त्यांचाच — बाबांचा दोन नेहमी बुडाशी जड. पुढचा ‘अ’ दुसऱ्या कुणीतरी मागाहून चिकटवलेला. शाईसुद्धा वेगळी.

शनिवार, ८ मार्च

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

दुपारी एक बाई आल्या. साठीच्या. मागच्या दाराने, थेट ऑफिसात. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक लोखंडी चावी काढली. कुलपाची नव्हे, फिरवायची. वाकडी मूठ आणि तोंड चौकोनी.

मी फॉर्म पुढे केला. ‘वस्तूचं नाव’ इथे त्यांनी लिहिलं — चावी. ‘कशाची’ इथे लिहिलं — नसलेल्या खेळण्याची.

मग बोलल्या. मी विचारलंही नव्हतं. वडील घड्याळजी. ही सहा वर्षांची असताना त्यांनी दोन वर्षं खपून तिच्यासाठी चावीवर चालणारं गाव बनवलं. पुढे संग्रहालयाने मागितलं म्हणून तीन महिन्यांसाठी दिलं. चावी घरीच ठेवली, लोक फिरवून फिरवून स्प्रिंग तोडतील म्हणून. मग छत दुरुस्तीला म्हणून संग्रहालयच दोन वर्षं बंद! उघडलं तेव्हा वडील पावती घेऊन आले. पावतीवर ११२. इथल्या कारकुनाने वही उघडली. "एकशे बारा? तराजू होता का तुमचा?"

वडिलांनी गाव दाखवलं. कारकून म्हणाला, "आकडा काळा आहे, म्हणजे आमचंच. तुमचं असतं तर लाल असता."

"बाबांनी घरी येऊन हे सांगितलं," बाई म्हणाल्या, "आणि माझा विश्वास बसला नाही. लग्न ठरलं होतं, गाव मला सासरी न्यायचं होतं. वाटलं, कुणा बड्या माणसाला देऊन टाकलंय आणि आता संग्रहालयावर ढकलतायत. संग्रहालयवाले कशाला खोटं बोलतील, नाही का? अकरा वर्षं मी बाबांशी धड बोलले नाही. शेवटपर्यंत त्यांचा एकच धोशा — तात्पुरतं दिलंय गं, येईल. मी इथे पाऊलसुद्धा टाकलं नाही कधी. आता परत याच शहरात आलेय, कपाट आवरताना ही सापडली. घरात नको वाटते."

गाव वीस पावलांवर होतं. भिंतीपलीकडे. डाव्या बाजूला चौकोनी भोक असलेलं.

मी त्यांना नेलं नाही. पावती दिली, पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं. कारण तो काळा ११२ बाबांच्या हातचा आहे. बाबांनी पाहुण्याला घरचं का केलं? ते कळल्याशिवाय तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. हे लिहिताना स्वतःचीच चीड येतेय.

रविवार, ९ मार्च

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "तोंड का एवढंसं झालंय?" म्हटलं, प्रदर्शनाची धावपळ.

मंगळवार, ११ मार्च

संग्रहालय उघडायच्या आधी, आठ वाजता, सुतारमामांना बोलावून घेतलं. आमच्या सगळ्या कपाटांच्या काचा तेच काढतात-बसवतात. काच काढली. मी चावी भोकात घातली. खट्! बसली, जशी काही कालच काढली होती.

"ताई, जपून," मामा म्हणाले, पण डोळे त्यांचेही चमकत होते.

अर्धा फेरा. काही नाही. आणखी अर्धा. आत कुठेतरी कुरकुर झाली, धूळ उडाली आणि — गाव चाललं! नदीतली होडी हलली. एक माणूस शिडी चढून दिव्यापाशी गेला आणि उतरला. मनोऱ्यात टिंग्, टिंग्. एकोणीस वर्षं मी या गावावरची धूळ पुसते आणि ते जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं! मी चक्क टाळ्या वाजवल्या. एकावन्न वर्षांची बाई.

आणि मग पिवळ्या दाराच्या वरची खिडकी उघडली. मला वाटायचं ती नुसती रंगवलेली आहे. आतून नखाएवढी मुलगी पुढे आली. दोन वेण्या. मान डावीकडे, मान उजवीकडे, आणि आत. खिडकी बंद.

ते घर माझं नव्हतंच. आधीपासून त्या बाईंचं होतं.

मामांना शपथ घातली, कुणाला सांगू नका. ते म्हणाले, "सांगून कोण विश्वास ठेवणार आहे?" आणि मग, "आणखी एकदा फिरवा ना."

बुधवार, १२ मार्च

माळ्यावर तात्पुरत्या वस्तूंची जुनी वही सापडली. अर्धी कसरीने खाल्लेली. पान शाबूत! क्रमांक ११२. चावीचं लाकडी गाव. देणार — घड्याळजी, जुन्या पुलाजवळ. मुदत तीन महिने. ‘परत केल्याची तारीख’ — कोरं. अक्षर बाबांचं. म्हणजे वहीत उसनं म्हणून स्वतःच लिहिलं आणि त्याच दिवशी वस्तूवर काळा रंग लावला?

इतरही पाहिलं. त्या वहीतले बाकीचे सगळे आकडे वस्तूंवर लाल होते असं दिसतं, कारण सगळे परत गेलेत. चुकलं ते हे एकच. पुढच्या मोजणीत दोन काळे ११२ निघाले असणार, म्हणून कुणीतरी एकाला ‘अ’ लावून मोकळं झालं. दाता अज्ञात! घड्याळजी त्याच लाकडी गावासमोर उभा राहून मी दाता आहे म्हणून सांगून गेला होता.

‘अ’ सुटला. पण बाबा सुटले नाहीत. ज्या माणसाने ऑफिसची टाचणी घरी आणली नाही त्याने हे का करावं?

गुरुवार, १३ मार्च

प्रदर्शन सुरू झालं. गर्दी बरी. चावीवाल्या बाई आल्या होत्या, आपली चावी काचेआड बघायला. मी त्यांना डावीकडूनच आत नेलं, डावीकडूनच बाहेर काढलं, मध्ये चहा पाजला. एकोणीस वर्षं येईल त्याला पहिल्या दालनात ढकलणारी मी, आज पहिल्या दालनाच्या दारात पहाऱ्याला उभी! टापटीपने विचारलं, "ताई, त्यांना आपलं गाव नाही दाखवलं?" म्हटलं, त्यांचे गुडघे दुखतात.

हे असं किती दिवस?

शनिवार, १५ मार्च

आईला सरळ विचारलं. बाबांनी कधी उसन्या वस्तूवर मुद्दाम काळा आकडा लिहिला असेल का?

आई भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग उठून आत गेली.  

रविवार, १६ मार्च

सकाळी चहा घेताना आईने आपणहून सुरुवात केली. "त्यांना रंग दिसायचे नाहीत."

मी कप खाली ठेवला.

"सगळे नाहीत. लाल आणि काळा त्यांना एकच वाटायचा. हिरव्याचाही घोळ व्हायचा. लग्नानंतर सहा महिन्यांनी मला कळलं, तोवर मी वेड्यासारखी लाल साड्या नेसायचे."

आणि मग एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली! बाबा टोमॅटो नेहमी दाबून घ्यायचे, बघून नाही. पायमोजे आई जोडी बांधून ठेवायची. माझं चित्र दाखवलं की "वा, झकास" म्हणायचे, रंगाबद्दल अवाक्षर नाही. मला वाटायचं बाबांना चित्रातलं कळत नाही.

"मग आकडे कसे लिहायचे?"

"लाल बाटलीच्या गळ्याला मी दोरा बांधून द्यायचे. आठवड्याला नवा. कुणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती." आणि पुढे म्हणाली, "शेवटी गेलीच की. सगळ्यांचे डोळे तपासायचा हुकूम निघाला, त्याच्या आदल्या दिवशी यांनी राजीनामा दिला. बुकबाइंडिंग बरं म्हणाले. पुठ्ठा कुठल्याही रंगाचा चालतो."

मला सांगितलेलं कारण होतं, साहेबाशी पटत नाही. त्रेचाळीस वर्षं ते खरं मानत आले.

दोरा सुटला असणार. बस्स, एवढंच. बाबा चोर नव्हते, लबाड नव्हते. हायसं वाटलं. आणि रडूही आलं, कारण माझ्या बापाने जन्मभर भर उजेडात चाचपडत काम केलं आणि एकदाही चिडचिड केली नाही. आईने पाठीवर हात ठेवला. "त्यांचं नाव नको गं घेऊस तिथे."

मंगळवार, १८ मार्च

टापटीपला सगळं सांगितलं. वही, पावतीची गोष्ट, चावी. बाबांचे डोळेसुद्धा. आईचं ऐकायचं होतं, पण नाव झाकून ही गोष्ट सांगता येत नाही. मग पुन्हा तेच — अज्ञात.

त्याने टेबलावरचं माहितीपत्रक पुढ्यात ओढलं. लाकडी गाव आमच्या तिकिटावर आहे, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे. "ताई, हे कायमच्या संग्रहातून गेलं तर पहिलं दालन म्हणजे नुसता जिना उरेल." खरंय. मग उठला, गावापाशी गेला, मला चावी फिरवायला लावली. मुलगी खिडकीत आली तेव्हा त्याने शर्टाच्या बाहीनेच डोळे पुसले. सुरकुती पडली!

"कधी सांगताय त्यांना?" म्हणाला.

बुधवार, १९ मार्च

बाईंना फोन केला. म्हटलं, येता का, एक दाखवायचंय. आल्या. या वेळी पुढच्या दाराने नेलं.

दालनाच्या उंबऱ्यातच थांबल्या. लांबूनच ओळखलं. मी वही उघडून दाखवली — घड्याळजी, जुन्या पुलाजवळ, तीन महिने. बोटाने ओळ वाचली, दोनदा. मी बाबांचं सांगितलं. आकडा त्यांनी लिहिला, ते माझे वडील, त्यांना लाल दिसत नव्हता. कारकुनाने विश्वास ठेवला तो रंगावर. तुमचे वडील खरं बोलत होते.

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "अकरा वर्षं हो." आणि थोड्या वेळाने, "तुमच्या वडिलांना कुणी रागावलं का त्याबद्दल?"

म्हटलं, कुणाला कळलंच नाही. त्यांनाही नाही.

"बरं झालं," म्हणाल्या. मग चावी मागितली. स्वतः फिरवली. खिडकी उघडली तेव्हा त्यांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे, त्या नखाएवढ्या मुलीबरोबर. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

शुक्रवार, २१ मार्च

बाईंचा निर्णय आला. टापटीपने टेम्पोसुद्धा ठरवून ठेवला होता!

नेत नाहीत. "माझ्या दोन खोल्यांत कुठे ठेवू? आणि एकटीने बघून नुसती झुरेन. इथेच असू दे. पण ‘अ’ पुसा. आकडा लाल करा. बाबा म्हणायचे तात्पुरतं दिलंय, तर तात्पुरतंच राहू दे. दर तीन महिन्यांनी मी येईन, सही करीन, फिरवीन." लेबलावर कारागीर म्हणून घड्याळजींचं नाव. आणि चिठ्ठी नको, रंगानेच लिहा, तुम्हीच लिहा, असं मला म्हणाल्या. माझ्यावर राग नाही त्यांचा! आम्ही दोघी आपापल्या बापांबद्दल अर्धा तास बोललो. त्यांच्या वडिलांना म्हणे कपाळावर भिंग लावून झोपायची सवय होती. खूप हसलो.

नवं लेबल लिहिलं. एकही अज्ञात नाही.

मंगळवार, २५ मार्च

बाबांचे ब्रश ट्रंकेतून काढले. दोन्ही बाटल्याही तिथेच होत्या. लाल तळाशी थोडी ओली आहे अजून, थिनर घातलं की चालेल.

आईला म्हटलं, गळ्याला दोरा दिसत नाही गं. आई म्हणाली, "सुट्ट्यांत नाही बांधायचे मी. सुट्ट्यांत तू असायचीस ना. बाटली तूच तर द्यायचीस त्यांच्या हातात. आठवत नाही?"

वहीतली तारीख पुन्हा पाहिली. नऊ मे.

बुधवार, २६ मार्च

आकडा लिहिला. लाल. बाई शुक्रवारी सही करायला येतील. त्यांना सांगायचं ते आधी इथे लिहिते.

झाकण उघडलं आणि वास आला. स्टूल. लोंबकळणारे पाय. बाबा गावाच्या बुडाखाली वाकलेले, हात मागे पसरलेला. तीन महिन्यांनी हे जाणार, असं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. "लाल दे गं."

लाल माझ्या हातात होती. मी पिवळ्या दाराकडे बघितलं. ती खाली ठेवली आणि काळी दिली.